मराठी मजकूर तपासायचाय: व्हॉयंट घ्यावं की अँटकॉन्क?

एखाद्या लेखकाची भाषा संगणकावर तपासायची ठरली की दोन फुकट साधनं समोर येतात. व्हॉयंट ब्राउझरमध्ये चालतं. मजकूर चिकटवला की शब्दमेघ (जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणारं चित्र), आलेख, वारंवारता सगळं एकाच पडद्यावर हजर. अँटकॉन्क हे जपानमधल्या वासेदा विद्यापीठातले प्राध्यापक लॉरेन्स अँथनी यांचं. ते संगणकावर उतरवून घ्यावं लागतं आणि दिसायला रुक्ष आहे.

वर्गात शिकवायचं असेल, तर व्हॉयंट. शब्दमेघात सुरुवातीला ‘आहे’, ‘आणि’, ‘व’ हेच ठळक दिसतात. वगळायच्या शब्दांची यादी मुलांनाच करायला लावा. कोणता शब्द वगळण्यासारखा, यावरून जी वादावादी होते ती मला शब्दमेघापेक्षा मोलाची वाटते.

प्रबंधासाठी मात्र मी अँटकॉन्ककडे वळेन. महात्मा फुल्यांचा १८८३चा ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. नुसतं ‘शेतकरी’ शोधलं तर ‘शेतकऱ्यांस’, ‘शेतकऱ्यांचे’ अशी रूपं निसटतात, कारण सामान्यरूपात ‘री’चा ‘ऱ्या’ होतो. म्हणून ‘शेतक*’ असं शोधावं. तारांकन म्हणजे पुढे काहीही आलं तरी चालेल; ते दोन्ही साधनांत चालतं. पण शोधलेला शब्द मधोमध ठेवून, त्याच्या डाव्या-उजव्या शब्दांनुसार ओळी लावून त्या एकेक वाचत जायचं असेल, तर अँटकॉन्क फार सोयीचं पडतं. शेतकऱ्याच्या शेजारी कोणती क्रियापदं येतात, कोणती विशेषणं, हे आकड्यांतून कळत नाही. ओळी वाचाव्याच लागतात.

अँटकॉन्कमध्ये एक खाचखळगा आहे, तो आधीच बुजवा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही ‘अक्षरं’ नसून ‘चिन्हं’ मानली जातात. टोकन डेफिनिशनमध्ये, म्हणजे शब्द कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘लेटर’सोबत ‘मार्क’ निवडलेलं नसेल तर ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात आणि पुढची सगळी मोजणी वाया जाते. शब्दयादी उघडून पहिले शंभर शब्द डोळ्यांखालून घालावेत.

साधन कोणतंही घेतलंत तरी ‘ऱ्य’ तपासा. तो दोन प्रकारे टंकला जातो: ‘ऱ’ला ‘य’ जोडून, किंवा ‘र’ला हलन्त देऊन मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. आधी सगळे एकाच पद्धतीचे करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढे जाऊच नका.

निर्णय फिरवू शकेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे स्वामित्वहक्क. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. फुले १८९०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन कुठेही चढवता येतं. हयात लेखकाची कादंबरी किंवा तुम्ही घेतलेल्या मुलाखती मात्र व्हॉयंटच्या सर्व्हरवर टाकू नका. तिथे एकतर अँटकॉन्क वापरा, नाहीतर आपल्याच संगणकावर चालणारी व्हॉयंटची आवृत्ती उतरवून घ्या.