पोस्टफिक्स आणि डव्हकॉट : मेल अडतो तेव्हा

केळीच्या निर्यातीत कागदपत्रे मालाइतकीच वेळेवर पोहोचावी लागतात. रावेर-यावल पट्ट्यातून भरलेला रीफर (शीतकरणाची सोय असलेला) कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघाला की त्याच्या मागोमाग बीजक, पॅकिंग लिस्ट आणि फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्राची प्रत खरेदीदाराला, शिपिंग एजंटाला आणि बँकेला मेलने जाते, आणि त्यातला एक मेल जरी वाटेत अडकला तरी नाशवंत माल बंदरावर ताटकळतो. सावद्यातील आमच्या कार्यालयाचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या दोन मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. सगळे सुरळीत असताना बहुतेक मेल सर्व्हर सारखेच वाटतात. म्हणून या परीक्षणात मी एकच कसोटी लावली आहे: मेल अडला, तर तो का अडला हे ही जोडी किती स्पष्टपणे सांगते?

दोघांच्या कामाची वाटणी आधी सांगतो. मेल पाठवणे आणि बाहेरून आलेला स्वीकारणे हे पोस्टफिक्सचे काम; आलेला मेल मेलबॉक्समध्ये ठेवून आउटलुक, थंडरबर्ड किंवा मोबाइलला दाखवणे हे डव्हकॉटचे. पोस्टफिक्स वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिले आणि ते १९९८ मध्ये खुले झाले. डव्हकॉट टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्हींना परवाना शुल्क नाही. खर्च होतो तो भाड्याच्या सर्व्हरचा आणि सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेचा, आणि यातला दुसरा खर्च अनेकजण हिशेबात धरत नाहीत.

हा सर्व्हर कार्यालयातच ठेवावा, असा आग्रह आमच्या भागात अनेक ठिकाणी दिसतो. माझे मत त्याविरुद्ध आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, हे एक कारण. पण मोठे कारण पीटीआर नोंदीचे आहे. आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी ही उलट नोंद नसेल, तर मोठ्या मेल सेवा आपला मेल नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात, आणि ती नोंद आपल्या डोमेनच्या पॅनेलमधून करता येत नाही, ज्याचा आयपी पत्ता आहे त्यानेच ती करावी लागते. आमच्या तेव्हाच्या इंटरनेट पुरवठादाराकडे वारंवार पत्रव्यवहार करूनही ती झाली नाही. भाड्याच्या सर्व्हरवर ही नोंद सहसा आपल्या हाती असते. मात्र मेल सर्व्हर एकमेकांना ज्यातून मेल देतात ते बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट अनेक कंपन्या बंद ठेवतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ते खुले करून मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे.

आता मूळ कसोटीकडे वळतो. “भाऊ, मेल गेला की नाही, तेवढं सांगा,” हा निर्यात विभागाचा नेहमीचा प्रश्न असतो आणि पोस्टफिक्सचा लॉग, म्हणजे त्याच्या कामाची नोंदवही, त्याचे उत्तर नेमके देतो. जुन्या कचेरीतल्या जावक क्रमांकाप्रमाणे प्रत्येक मेलला आत येताच एक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक लॉगमध्ये शोधला की मेल कोणी दिला, कोणाला दिला, समोरच्या कोणत्या सर्व्हरशी बोलणे झाले आणि त्याने काय उत्तर दिले, हे सगळे ओळीने समोर येते. शेवटी ‘सेंट’, ‘डिफर्ड’ किंवा ‘बाउन्स्ड’ यांपैकी एक शेरा असतो. उत्तराचा आकडा ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती आहे आणि पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करणार आहे. ५ ने सुरू झाला तर नकार कायमचा आहे आणि मेल पाठवणाऱ्याकडे परत येईल. समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला असेल तर त्याने स्वतःकडे दिलेला क्रमांकही बहुधा त्याच ओळीत सापडतो, आणि खरेदीदार ‘मेल आलाच नाही’ म्हणाला तर तो क्रमांक त्याच्या तांत्रिक माणसाला कळवता येतो. अर्थात स्वीकारलेला मेल पुढे इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये, हे आपल्या लॉगला कळू शकत नाही. ही मर्यादा प्रत्येक मेल सर्व्हरची आहे.

त्याच ओळीत ‘डिलेज’ या शब्दापुढे चार आकडे असतात, आणि माझ्या मते संपूर्ण पोस्टफिक्समधली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. मेल आल्यापासून शेवटच्या वेळी पाठवणीच्या रांगेत शिरेपर्यंत गेलेला वेळ, त्या रांगेत गेलेला वेळ, समोरच्या सर्व्हरशी जोडणी होण्यास लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष मजकूर पोहोचवण्यास लागलेला वेळ, असा त्यांचा क्रम आहे. दुसरा आकडा फुगला तर आपल्याकडेच गर्दी आहे. तिसरा फुगला तर डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था) किंवा समोरचा सर्व्हर मंद आहे. चौथा फुगला तर अटॅचमेंट जड आहे किंवा पलीकडे तपासणीला वेळ लागतो आहे. सर्व्हर हळू चालतो, अशी मोघम तक्रार आली की एरवी सगळे जण इंटरनेटला दोष देऊन मोकळे होतात, तेथे हे चार आकडे वाद संपवतात. रांग पाहण्यासाठी ‘मेलक्यू’ आणि ‘क्यूशेप’ या आज्ञा आहेत. एकाच डोमेनचे मेल साचले असतील तर दोष सहसा तिकडचा असतो, आणि सगळ्याच डोमेनचे साचले असतील तर आधी आपले डीएनएस आणि २५ चे पोर्ट तपासावे.

मात्र याच रांगेबाबतीत पोस्टफिक्सची एक मूळ मांडणी (डीफॉल्ट सेटिंग) मला अजिबात मान्य नाही. तात्पुरत्या अडचणीत सापडलेला मेल ते ५ दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहते, हे योग्यच आहे. परंतु मेल अडकला आहे, अशी सूचना पाठवणाऱ्याला देण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. म्हणजे कंटेनरची कागदपत्रे सोमवारी पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला ती पोहोचलीच नाहीत हे शनिवारी कळणार, आणि तोवर केळी कोणाची वाट पाहत थांबणार नाही. ‘डिले वॉर्निंग टाइम’ ही किंमत ४ तासांवर आणली की हा दोष दूर होतो. नवा सर्व्हर उभा करणाऱ्याने सर्वांत आधी हाच बदल करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मांडणीत मोठे फेरफार करताना ‘सॉफ्ट बाउन्स’ हा पर्याय तात्पुरता चालू ठेवावा. त्यामुळे कायमचे नकारही तात्पुरते ठरतात आणि आपल्या चुकीपायी बाहेरचा मेल परत फिरत नाही.

अटॅचमेंटची मर्यादाही मुळात तोकडी आहे. ती १,०२,४०,००० बाइटची असते, आणि मेलमध्ये जाताना फाइलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढत असल्यामुळे साडेसात एमबीच्या पुढची स्कॅन केलेली फाइल नाकारली जाते. मर्यादा वाढवता येते, पण त्याबरोबर डिस्ककडेही लक्ष द्यावे लागते, कारण मोकळी जागा या मर्यादेच्या दीडपटीहून कमी झाली की पोस्टफिक्स नवा मेल घेणेच थांबवते. ते ४५२ चा तात्पुरता नकार देते, म्हणून बाहेरून येणारा मेल तिकडच्या रांगेत सुरक्षित राहतो. जागा संपल्यावर अर्धवट मेल लिहून ठेवण्यापेक्षा हे वागणे कितीतरी जबाबदारीचे आहे.

डव्हकॉटविषयी माझी तक्रार कमी आहे. तरीही लहान कार्यालयांत एक अडचण हमखास येते. एकच सामाईक मेलबॉक्स अनेक संगणकांवर आणि मोबाइलवर उघडलेला असतो, आणि सर्व्हर बाहेर असल्यामुळे कार्यालयातील सगळे संगणक त्याला एकाच आयपी पत्त्यावरून आलेले दिसतात. एका वापरकर्त्याला एका आयपीवरून एका वेळी १० आयमॅप (सर्व्हरवरचा मेल वाचण्याच्या पद्धतीच्या) जोडण्या, ही डव्हकॉटची मूळ मर्यादा आहे, आणि थंडरबर्डसारखा प्रोग्राम एकटाच अनेक जोडण्या उघडतो. परिणामी तिसऱ्या-चौथ्या संगणकावर मेल उघडत नाही आणि कर्मचारी पासवर्ड चुकला असे समजून तो बदलण्याची मागणी करतात. लॉगमध्ये कारण स्वच्छ लिहिलेले असते; मर्यादा वाढवली की काम भागते. दुसरी अडचण सर्व्हरशी होणारी जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राची. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र आपोआप नवे झाले तरी डव्हकॉटला ‘रीलोड’ केल्याशिवाय ते जुनेच दाखवत राहते, तर पोस्टफिक्सच्या अल्पायुषी प्रक्रिया नवे उचलतात, त्यामुळे मेल जातो पण उघडत नाही, अशी कोड्यात टाकणारी स्थिती उद्भवते.

आपला मेल स्पॅममध्ये जाण्याची कारणे मात्र बहुधा या जोडीबाहेर असतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधील नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी मागितले आहे, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून दोन्ही व त्यावर डीमार्क (या तपासण्या फसल्यास मेलचे काय करावे हे सांगणारी नोंद). लहान कार्यालयानेही तिन्ही करून ठेवावेत. एसपीएफमध्ये १० डीएनएस शोधांची मर्यादा असते. संकेतस्थळ, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि जाहिरातीची सेवा अशा प्रत्येकासाठी एकेक नोंद जोडत गेल्यास ती ओलांडली जाते आणि नोंद असूनही तपासणी फसते. येणाऱ्या स्पॅमसाठी स्पॅमहाऊस या संस्थेची काळी यादी लावणाऱ्यांनी सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारणा करणारा प्रोग्राम) चालवणे अत्यावश्यक आहे. गूगलच्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारणा केली तर स्पॅमहाऊस १२७.२५५.२५५.२५४ असे नकाराचे उत्तर देते, आणि पोस्टफिक्सला कोणती उत्तरे ग्राह्य धरायची हे सांगितले नसेल तर ते त्या उत्तरालाच ‘हा पत्ता काळ्या यादीत आहे’ असे समजून सगळा चांगला मेलही परत पाठवते.

कर्मचाऱ्याचा पासवर्ड फुटणे हा सर्वांत गंभीर प्रसंग. रांगेत अचानक हजारो मेल दिसले, की लॉगमध्ये ‘सासल युजरनेम’ शोधावे. कोणत्या खात्यातून हे होत आहे ते लगेच कळते. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण रांगेत शिरलेले मेल पुढे जातच राहतात. ते आधी ‘होल्ड’मध्ये टाकावेत, मग तपासून काढून टाकावेत आणि त्या खात्याच्या चालू जोडण्या तोडाव्यात. मेल देणाऱ्या एका संगणकाने किती मेल पाठवावेत यावर पोस्टफिक्स मुळात कोणतेही बंधन घालत नाही, ही त्याची उणीव मी गंभीर मानतो. ते बंधन आपण घालावे, आणि २५ च्या पोर्टवर लॉगिन बंद करून ते केवळ ५८७ आणि ४६५ या कर्मचाऱ्यांच्या मेलसाठीच्या पोर्टवर ठेवावे.

ज्या कार्यालयात लॉग वाचण्याची सवय असलेला एक तरी माणूस कायम आहे, तेथे या जोडीइतकी प्रामाणिक व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही. चार-पाच मेलबॉक्सच्या दुकानाने मात्र तयार सेवा विकत घ्यावी. येथे बटणे दाबून काम करण्याचा पडदा नाही, सगळे मजकुराच्या फाइलींत आहे, आणि दस्तऐवज विपुल असले तरी नवख्यासाठी लिहिलेले नाहीत. सध्या डव्हकॉट २.३ वर असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ मध्ये मांडणीच्या फाइलींचे स्वरूप बदलले आहे आणि जुनी फाइल त्यावर चालत नाही, म्हणून अद्ययावत करण्याआधी नवी फाइल वेगळ्या सर्व्हरवर तपासून घ्यावी आणि कंटेनर भरण्याच्या हंगामात या कामाला हात लावू नये.