ॲरनच्या डोंगरांवर वापरलेले वॉटरप्रूफ बूट: सोल पास, नाडी नापास

शेवटी उजव्या बुटाने तोंड उघडलं. पुढच्या टोकाला रबराची पट्टी असते ना, ती सुटून लोंबायला लागली, म्हणून हे लिहायला बसलेय. कंपनीचं नाव घेत नाही. दुकानाशी भांडण नुकतंच मिटलंय, पुन्हा नको. घोटा झाकणारे, आत वॉटरप्रूफ अस्तर असलेले, छापील किंमत १६० पौंड. मी जानेवारीच्या सेलमध्ये ११० ला घेतले. रुपयांत हिशोब करायची खोड ग्लासगोत राहूनही गेलेली नाही, त्यामुळे बिल देताना हात जड झालाच.

वापर जवळपास सगळा स्कॉटलंडच्या ॲरन बेटावर. फेरीने ब्रॉडिक बंदराला उतरायचं आणि पायीच सुटायचं. गाडी नेली नाही की तिचं भाडं वाचतं. गोटफेल म्हणजे बेटावरचं सर्वांत उंच शिखर, ८७४ मीटर. सह्याद्रीवाले हसतील, आपली कळसूबाई १६४६. पण तिच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर आहे, इथे चढाई समुद्राच्या पातळीपासून सुरू होते आणि सगळेच्या सगळे ८७४ अंगावर येतात. ब्रॉडिक कॅसलच्या बाजूची झाडीतली वाट सुखाची, शेवटचा टप्पा मात्र मोठमोठ्या शिळांचा.

सोलला पैकीच्या पैकी. इथला दगड ग्रॅनाइट, चांगला खरखरीत. पावसातला आपला बेसॉल्ट डोक्यात असल्यामुळे सुरुवातीला मी बसत बसत उतरायचे, पण ओल्या कातळावरसुद्धा पाय हलत नाही म्हटल्यावर सरळ चालायला लागले. घसारा तेवढा जपून. ग्रॅनाइट झिजून भरड वाळू पसरते, तिच्यावर कुठलाच सोल धरत नाही.

आता नाड्या. गोल, गुळगुळीत, दिसायला देखण्या. दुहेरी गाठ मारा, ओली करून मारा, सुटणार म्हणजे सुटणार. पुण्यात असते तर बांधली असती पुन्हा, काय त्यात. पण इथे मे संपत आला की मिज सुरू होतात, डोळ्यांना धड न दिसणारी चावरी चिलटं. वारा असला किंवा आपण चालत असलो तर त्यांचं काही चालत नाही. वारा पडलाय, ग्लेन रोझाच्या (ग्लेन म्हणजे दरी) ओढ्याकाठी तुम्ही नाडी बांधायला वाकलात की आधी मनगटं, मग कानामागे, मग केसांच्या भांगात. दोन्ही हात गाठीत अडकलेले, हाकलणार कशाने? उठून चार पावलं टाकते तोवर डाव्या पायाची सुटलेली. ११० पौंडांच्या बुटात दीड पौंडाचीही नाडी घालू नये? नवरा म्हणतो, नाडीवरून एवढं काय. तो हे बूट घालत नाही.

वॉटरप्रूफबद्दल माझं मत फिरलंय. फेब्रुवारीत, गवतावर ओला बर्फ असताना, मोजे दिवसभर कोरडे होते. तेव्हा मैत्रिणीला छातीठोकपणे ‘डोळे झाकून घे’ म्हटलं होतं. वसंतात सॅडलची खिंड ओलांडून ग्लेन सॅनॉक्समध्ये उतरले, खालच्या पीटच्या, म्हणजे कुजक्या शेवाळ-गवताच्या मातीच्या, दलदलीत पाय घोट्याच्या वर गेला आणि अस्तराची दुसरी बाजू कळली: बाहेरचं पाणी आत येत नाही, तसं आत शिरलेलं बाहेरही जात नाही. बुटाची बादली झाली. घरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवायला दोन दिवस. रेडिएटरवर ठेवू नका, उष्णतेने चिकटवण सुटतं. मी ठेवले नव्हते, तरी सुटलं.

तेच घेऊन दुकानात गेले, तर ‘वापरून झिजलेत’ आणि वर ‘कंपनीला ईमेल करा’. काउंटरवरच्या साहेबांनी बुटाला लागलेला चिखल दाखवला. अहो, डोंगरात चालायचे बूट आहेत, दिवाणखान्यात घालू का? इथल्या मराठी मंडळींनी हे पाठ करून ठेवा: यूकेच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे माल सदोष निघाला तर जबाबदारी विकणाऱ्याची, त्याने कंपनीकडे बोट दाखवायचं नाही. पहिल्या ६ महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात. नव्हता, हे दुकानाने सिद्ध करायचं. पावती जपली होती, तारीख दाखवली, कायद्याचं नाव घातलेला ईमेल पाठवला. मग मात्र सूर बदलला आणि नवी जोडी मिळाली.

घ्यावेत का? पूर्ण किमतीला मुळीच नाही. सेलमध्ये, हिवाळ्यासाठी, अर्धा नंबर मोठे, जाड मोज्यांसकट घालून बघून. उन्हाळ्यात ॲरनला मी आता जाळीचे साधे शूज नेते. भिजतात, पण चालता चालता वाळतातही.

नव्या जोडीतही नाड्या त्याच. पहिल्याच संध्याकाळी काढून चपट्या घातल्या, ३ पौंड. कंपनीला तक्रार कळवली, तर पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट पाठवलीये. नाड्यांवर लागू नाही.