‘द व्हेजिटेरियन’: थोरल्या बहिणीसाठी वाचा

मांसाहार सोडणाऱ्या बाईची गोष्ट, एवढंच सांगून कुणी ‘द व्हेजिटेरियन’ हातात ठेवलं तर विश्वास ठेवू नका. बापाच्या माराखाली वाढलेल्या दोन बहिणींची ही कादंबरी आहे. हान कांग यांची मूळ कोरियन कादंबरी २००७ची. डेबोरा स्मिथ यांच्या इंग्रजी अनुवादासह तिला २०१६ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आणि २०२४ मध्ये लेखिकेला नोबेल. मी फोर्टातून इंग्रजी प्रत घेतली. भाषा सोपी आहे, कुठे अडत नाही.

मी परळला महापालिकेच्या रुग्णालयात फीमेल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. अत्याचार सोसलेल्या बायकांवरच्या कादंबऱ्या मी आवर्जून वाचते आणि बऱ्याचदा चिडते. त्यांत बाई एका रात्री सगळं सांगून टाकते, पोटभर रडते आणि मोकळी होते. वॉर्डात असं क्वचित होतं. बाई गप्प होते, ताट तसंच परत जातं, विचारलं की ‘काही नाही, सिस्टर’. योंग-हे, म्हणजे धाकटी, अगदी तशी आहे. एक स्वप्न पडतं आणि ती मांस बंद करते. कारण विचारलं की म्हणते, स्वप्न पडलं. बस. घरातले तिचे हात धरतात, बाप थोबाडीत मारून तोंडात मांस कोंबतो, आणि ती सुरी उचलून स्वतःचं मनगट कापते. हे सगळं आपल्याला नवरा सांगतो. साहेबांकडच्या जेवणाला बायको ब्रा न घालता आली, याचीच त्याला जास्त लाज.

मधला भाग मेव्हण्याचा, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याचा. तो व्हिडिओ कलाकार, तिच्या अंगावर फुलं रंगवतो. ती ‘हो’ म्हणते, पण त्या अवस्थेतल्या ‘हो’ला काय अर्थ? लेखिका आपल्याला त्याच्याच डोक्यात कोंडून ठेवते. हेतू कळतो, तरी हा भाग मला लांबलेला वाटला.

तिसऱ्या भागासाठी मात्र मी हे पुस्तक कुणालाही सुचवीन. योंग-हे आता मनोरुग्णालयात आहे, खाणं पूर्ण थांबलंय. थोरली इन-हे सौंदर्यप्रसाधनांचं दुकान आणि लहान मुलगा सांभाळून डबे घेऊन भेटायला येते. नाकातून नळी घालायचा प्रसंग इथे आहे. आम्ही तिला रायल्स ट्यूब म्हणतो. घालताना ‘गिळा, गिळा’ म्हणायचं असतं, म्हणजे नळी सरळ खाली उतरते. गिळायचंच नाही असं ठरवलेल्या पेशंटला धरून ठेवावं लागतं. इथेही धरतात, आणि पहिल्या भागातलं बापाचं घर डोळ्यांसमोर उभं राहतं. इथे कुणी दुष्ट नाही, जीव वाचवायचाच प्रयत्न चाललाय, तरी हात धरलेलेच. इन-हे त्यांना थांबवायला धावते. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते काम पोचलं. पडले, भाजलं असं सांगत आलेल्या बाईला, सोबतच्यांना बाहेर पाठवून, एकटीला विचारायचं, हे आम्हा नर्सेसना त्यातून कळलं. पण उशाशी स्टुलावर बसलेल्या बहिणीला कोण विचारतं? तिच्याकडून आम्ही औषधं आणवतो, सही घेतो, ‘किती समजूतदार आहे’ म्हणतो.

हान कांग त्या बहिणीला विचारतात. इन-हेला हळूहळू उमगतं, की दारूच्या नशेतून उठलेल्या बापाला सूप करून देणारी शहाणी थोरली होणं हा तिचा मोठेपणा नव्हता. ती जगायची युक्ती होती, त्यात भित्रेपणाही होता. बापाचा मार मग धाकटीच्या वाट्याला गेला. लहानपणी दोघी डोंगरात वाट चुकल्या, तेव्हा धाकटी म्हणाली होती, आपण परत जायलाच नको. पुढे एका पहाटे ही कर्तबगार इन-हेच मुलाच्या पाळण्यावरच्या खेळण्याची दोरी घेऊन डोंगराकडे निघते. का परतते, ते वाचाच. नुसतं जीव वाचणं आणि जगणं यांतलं अंतर इतकं नेमकं मांडलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

ज्यांच्यावर असं काही नुकतंच गुदरलंय त्यांनी मात्र आत्ता हे वाचू नये. वाचायला घेतलंच आणि जड झालं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. बाकीच्यांनी मधला भाग नकोसा झाला तरी पुस्तक सोडू नये, तिसऱ्या भागापर्यंत नक्की जावं.