जेट की स्टर्नड्राइव्ह? आधी तळ्याचा तळ बघा

अमेरिकेत तळ्यावर फिरायला वीस-चोवीस फुटी बोट घ्यायची आणि आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन) नको असेल, तर निवड बहुतेक दोघींतच होते : यामाहाची जुळ्या इंजिनांची जेट, नाहीतर मर्क्रूझरचं ४.५ लिटरचं व्ही-६ इंजिन बसवलेली स्टर्नड्राइव्ह. शोरूममध्ये गप्पा वेगाच्या चालतात. वेग दोघींनाही भरपूर आहे. खरा निर्णय तीन गोष्टींवर घ्यावा : पाणी किती खोल, त्यात कचरा कसला, आणि रात्री बोट ट्रेलरवर राहणार की पाण्यात.

इंजिन दोघींचंही आत. जेटमध्ये बोटीच्या तळाच्या जाळीतून पाणी ओढलं जातं आणि इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, ते मागच्या नळीतून जोरात फेकतं; तळाखाली काहीच लोंबत नाही. स्टर्नड्राइव्हचा पाय मात्र मागच्या फळीतून बाहेर येतो आणि त्याला उघडा पंखा (प्रोपेलर) असतो. मुलं सतत मागून उड्या मारणार असतील तर आमचं मत स्पष्टपणे जेटच्या बाजूने आहे. तरीही कोणी पाण्यात उतरण्याआधी इंजिन बंद करायचंच. जाळीत लांब केस किंवा दोर खेचला जाऊ शकतो.

उथळ पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. जेट दीड-पावणेदोन फुटांत तरंगते, स्टर्नड्राइव्हला पाय खाली असताना साधारण तीन फूट लागतात. पण तरंगणं वेगळं आणि इंजिन चालवणं वेगळं. जेटचं इंजिनही तीन फूट पाणी मिळाल्यावरच सुरू करा. नाहीतर वाळू-खडे आत जातात, इम्पेलरची धार बोथट होते, भोवतालची कडी खरवडते आणि मधली फट वाढते. मग आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतो, आवाज वाढतो, बोट मात्र पुढे सरकत नाही. पाणवनस्पती किंवा दोर अडकला तरी लक्षण हेच. अशा वेळी दोन्ही इंजिनं बंद करून किल्ली काढा, मागच्या पायरीवरचं झाकण उघडा आणि हाताने कचरा ओढून काढा.

स्टर्नड्राइव्हला मासेमारीची तंगूस छळते. ती पंख्यामागे गुंडाळली की शाफ्टचं सील कापते आणि पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं. हंगामात एक-दोनदा पंखा उतरवून बघा. ऑइल दरवर्षी किंवा १०० तासांनी बदला. मर्क्रूझरच्या अल्फा वन जनरेशन टू या मॉडेलच्या पायात, इंजिनाजवळच्या ऑइलच्या बाटलीसकट, सुमारे १.९ लिटर बसतं. ते नेहमी खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचं; वरून ओतलं तर आत हवा अडकते. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं समजा. पाय फळीतून जातो तिथले रबरी बेलोज दरवर्षी घडी उलगडून तपासा. फाटलेल्या बेलोजमधून पाणी आधी गिंबल बेअरिंग (पायाकडे जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) खातं, मग बोटीत शिरतं. जुनी बोट घेताना बेलोज कधी बदलले याचा कागद नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

इंजिन धुण्याचा क्रम दोघींचा अगदी उलटा आहे आणि इथेच महागात पडतं. यामाहा जेटला आधी इंजिन सुरू करायचं, मग नळ; थांबताना आधी नळ बंद, मग इंजिन. बंद इंजिनात पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. स्टर्नड्राइव्हला आधी पाणी, मगच इंजिन. तिच्या इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरला की काही सेकंदांत जळतो.

चालवताना फरक लगेच कळतो. जेटला जोर नाही तर वळणही नाही : धक्क्याला लागताना घाबरून थ्रॉटल पूर्ण सोडला की बोट सरळ जाऊन आपटते. आवाजही जास्त, कारण जेटचं इंजिन सात हजारांच्या वर फिरतं, तर २५० अश्वशक्तीचं मर्क्रूझर ४८०० ते ५२०० वर पूर्ण ताकद देतं. लांब पल्ल्यात पंखा कमी पेट्रोल पितो, लाटांत पकडही चांगली ठेवतो. मात्र साध्या स्टर्नड्राइव्हच्या मागे वेकसर्फिंग (बोटीच्या लाटेवर फळीवरून सर्फ करणं) करू नका. पंखा सर्फ करणाऱ्याच्या फार जवळ असतो.

मिशिगनसारख्या गोठणाऱ्या प्रदेशात थेट तळ्याच्या पाण्याने थंड होणाऱ्या स्टर्नड्राइव्हच्या ब्लॉकमधलं पाणी हिवाळ्याआधी काढावंच लागतं, नाहीतर ब्लॉक तडकतो. पाय पूर्ण खाली ठेवून बोट उभी करा. जेटचं हे काम सोपं असतं.

थोडक्यात, ट्रेलरवर राहणारी बोट, वाळूचे काठ आणि मुलंबाळं असतील तर जेट. खोल, मोठं तळं आणि दिवसभराचा प्रवास असेल तर स्टर्नड्राइव्ह. मालवण किंवा गोव्याच्या खाडीत बोट कायम पाण्यात ठेवायची असेल तर आम्ही दोन्ही सुचवणार नाही. जेटचा पंप सतत खाऱ्या पाण्यात बुडलेला राहतो, जाळ्यांचे तुकडे आत जातात. स्टर्नड्राइव्हचा पाय उचलला तरी पूर्ण बाहेर येत नाही आणि त्यावर शिंपल्यांचे थर चढतात. तिथे पूर्ण वर उचलता येणारं आउटबोर्डच घ्या.