बरे झाल्यानंतरची मदत: व्याख्यान की स्वमदत गट?

खाण्याच्या विकारातून बाहेर पडून प्रकृती स्थिरावली की आपल्यासारख्यांसाठी काही करावे असे अनेकांना मनापासून वाटते. पुण्यात त्यासाठी साधारण दोन वाटा दिसतात: महाविद्यालयांत व पालकसभांत स्वतःचा अनुभव सांगणे, किंवा समुपदेशकाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या लहान स्वमदत गटात सहायक म्हणून बसणे. मी दोन्ही केले आहे. अॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहणे आणि बुलिमिया म्हणजे अनावर खाऊन मग उलट्यांसारख्या मार्गांनी ते काढून टाकणे; ज्याने हे भोगले त्याला याहून जास्त सांगायला नको, म्हणून थेट निवडीकडे वळतो.

व्याख्यानाची ताकद मोठी आहे. एका दुपारी सभागृहभर मुले, शिक्षक आणि पालक ऐकतात, आणि हा मुलींचाच आजार असे धरून चालणाऱ्यांपुढे एक पुरुष उभा राहिला की तो समज निदान हलतो. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे मन सतत अन्नाभोवतीच फिरू लागले आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. हे सांगितल्यावर ‘मनावर घे आणि खा’ एवढेच म्हणत आलेले पालक विचारात पडतात, असा माझा अनुभव आहे.

मात्र व्याख्यान संपले की बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘तेव्हा तुमचं वजन किती होतं?’ आयोजकांनी त्याआधीच ‘तेव्हाचा’ आणि ‘आत्ताचा’ असे दोन फोटो भित्तिपत्रकासाठी मागितलेले असतात. मी आकडा सांगत नाही, फोटो देत नाही आणि त्याचे कारणही समजावतो. तरी चहाच्या वेळी एखादी मुलगी बाजूला येऊन हळूच विचारते की तुम्ही दिवसभरात नेमके काय खात होता. विचारताना तिच्या हातातली बशी तशीच भरलेली असते. आजाराने घेरलेले मन असा आकडा गाठायचे लक्ष्य म्हणून ऐकते, हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक असते. अशा संध्याकाळी माझ्याही डोक्यात जुने हिशेब डोके वर काढतात. इतरांना तसे होत नसेलही, पण माझा कल ठरला तो यामुळेच.

गटात पहिला नियमच हा असतो की वजन, कॅलरी आणि उपाशी राहिल्याचे तास उच्चारायचे नाहीत. आकडे बाजूला ठेवले की बोलायला काय उरते, हे एका मुलीमुळे मला नीट कळले. ती सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे सगळे उपास धरत असे आणि घरी तिच्या निष्ठेचे कौतुक होई. तिने हे सांगितल्यावर कोणीही उपदेश केला नाही. शेजारच्या मुलाने एवढेच विचारले, ‘उपास सोडताना काय वाटतं?’ ती बराच वेळ ओढणीची कड दुमडत राहिली आणि मग म्हणाली, ‘भीती.’ सभागृहात हा प्रश्न कोणी विचारला नसता.

बरे झालेल्यांनी बरे होणाऱ्यांसोबत बसण्याची रीत पुण्याला नवी नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसे इतरांसाठी काम करत आली आहेत. खाण्याच्या विकारात अडचण अशी की दारू कायमची सोडता येते, ताटासमोर मात्र रोज बसावे लागते, म्हणून तज्ज्ञाची देखरेख नसलेल्या गटात जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. वारंवार उलट्या करणाऱ्याच्या रक्तातले पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि ते गप्पांतून ओळखता येत नाही. तिथे आपले काम डॉक्टरांकडे पोहोचवण्यापुरतेच असते. गट भेटत नसलेल्या दिवसांसाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सर्वांकडे असावा.

गटाचे काम संथ असते, माणसे मोजकीच येतात आणि काही जण न सांगता येणे थांबवतात. ज्याला मोठा समुदाय जागा करायचा आहे, त्याला हे अपुरे वाटू शकेल आणि त्याने व्याख्यान निवडले तर त्यात गैर नाही. फक्त निमंत्रण स्वीकारताना आयोजकांना आधीच लेखी कळवावे, की वजनाचा उल्लेख होणार नाही, जुने फोटो दाखवले जाणार नाहीत, चित्रफीत परवानगीशिवाय प्रसारित होणार नाही आणि कार्यक्रमानंतर बोलू इच्छिणाऱ्यांसाठी एक समुपदेशक सभागृहात हजर असेल. यातली शेवटची अट मान्य होत नसेल, तर मी ते निमंत्रण घेत नाही.