मायनरला पाठिंबा: साधी पद्धत घ्यावी की इन्व्हर्टेड?

ब्रिजमध्ये भिडूने एक किलवर किंवा एक चौकट (या दोन रंगांना मायनर म्हणतात) अशी बोली उघडली आहे, आपल्याकडे त्या रंगाची भरपूर पाने आहेत आणि चार पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम) मात्र नाही, अशा वेळी पाठिंबा कसा द्यावा याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. साध्या पद्धतीत, उदाहरणार्थ स्टँडर्ड अमेरिकन यलो कार्ड या बोलीपद्धतीत, त्याच रंगाची दोनची बोली ६ ते १० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) दाखवते आणि तीनची बोली १० ते १२ पॉइंट दाखवून गेमचे, म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या कराराचे, आमंत्रण देते. इन्व्हर्टेड मायनरमध्ये हा क्रम उलटा होतो. तेथे दोनची बोली १० किंवा त्याहून अधिक पॉइंटांची असते आणि तिच्यावर भिडूला पास करता येत नाही, तर तीनची बोली दुबळ्या पानांची असून तिचा हेतू प्रतिपक्षाची वाट अडवणे एवढाच असतो. नव्याने जोडी जमवणाऱ्यांनी यांपैकी काय स्वीकारावे, हा येथे प्रश्न आहे.

हा उलटफेर कोणाला का सुचावा, हे गुणपद्धतीकडे पाहिल्यावर कळते. गेमसाठी १०० गुण लागतात. नो-ट्रम्पमध्ये, म्हणजे हुकूम नसलेल्या करारात, सहा हातांनंतरच्या पहिल्या हाताचे ४० आणि पुढच्या प्रत्येक हाताचे ३० गुण मिळत असल्याने तेथे ९ हात पुरतात, पण मायनरमध्ये अशा प्रत्येक हाताचे २०च गुण असल्याने ११ हात करावे लागतात. त्यामुळे मायनर जुळला तरी जोडीपुढचा पहिला प्रश्न असतो तो तीन नो-ट्रम्प खेळता येईल का हा, आणि त्याचे उत्तर उरलेल्या तीन रंगांत स्टॉपर, म्हणजे प्रतिपक्षाला तो रंग सलग खेळू न देणारी पाने, आहेत की नाहीत यावर अवलंबून असते. ही चौकशी करायला बोलीत जागा लागते, आणि ती जागा बलवान पानांना हवी असते. दुबळ्या पानांना स्वतःसाठी जागा नको असते; त्यांना ती प्रतिपक्षाला मिळू द्यायची नसते. साधी पद्धत नेमके याच्या विरुद्ध करते.

एक डाव तपशिलात पाहू. भिडूने एक चौकट म्हटले आहे. आपल्याकडे इस्पिक एक्का आणि सत्ती, बदामाची दोन हलकी पाने, चौकट राजा-राणीसह पाच पाने आणि किलवर एक्का-राजासह चार पाने, असे १६ पॉइंट आहेत. साध्या पद्धतीत चौकटीला गेमपर्यंत बांधून ठेवणारा थेट पाठिंबा उपलब्धच नाही. तीन चौकट म्हटल्यास भिडू पास करू शकतो. म्हणून दोन किलवरपासून सुरुवात करावी लागते, भिडूला किलवर आवडले तर तो तीन किलवर म्हणतो, आणि आपला खरा रंग अजून सांगायचाच असतो. योग्य करार यातूनही गाठता येतो, पण त्यासाठी दोघांचा सराव चांगला हवा.

इन्व्हर्टेड पद्धतीत आपण दोन चौकट म्हणतो. आता भिडू आपले स्टॉपर खालून वर सांगू लागतो. त्याच्याकडे इस्पिक राजा-राणीसह तीन पाने, बदामाची दोन हलकी पाने, चौकट एक्का-गुलामसह चार आणि किलवर राणीसह चार पाने आहेत. तो दोन इस्पिक म्हणतो, म्हणजे बदाम ओलांडून पुढे जातो, आणि बदामात त्याच्याकडे काही नाही हे आपल्याला दुसऱ्याच फेरीत समजते. दोघांचे मिळून २८ पॉइंट असले तरी बदामाची उतारी आली तर तीन नो-ट्रम्प बुडतो, कारण बदामाची उरलेली नऊ पाने प्रतिपक्षाकडे आहेत आणि ती ५-४ वाटली गेली तरी ते सहसा पाच हात घेतील. पाच चौकट मात्र नेहमीच्या वाटणीत सहज होतो. बदामाचे दोन हात जातात, इस्पिकच्या तिसऱ्या फेरीवर डमीतले, म्हणजे टेबलावर मांडलेल्या आपल्या पानांतले, एक किलवर टाकता येते आणि बाकीचे अकरा हात आपलेच राहतात.

आता दुबळी बाजू. भिडूच्या एक किलवरवर आपल्याकडे इस्पिकचे एकच पान, बदामाची तीन हलकी पाने, चौकट राणीसह तीन आणि किलवर राजा-गुलामसह सहा पाने, असे सहाच पॉइंट आहेत. साध्या पद्धतीने दोन किलवर म्हटल्यास पुढच्या खेळाडूला दोन इस्पिक म्हणायला काहीच अडचण नसते. तीन किलवर म्हटल्यास त्याला तीनच्या पातळीवर आपले रंग शोधावे लागतात. आपल्याकडे मिळून किलवरची किमान नऊ पाने आहेतच, त्यामुळे ही बोली वाटते तेवढी धाडसी नाही.

मग साध्या पद्धतीची बाजू कोठे उरते? मधल्या पानांत. आठ-नऊ पॉइंट आणि पाच पानी पाठिंबा असला की साध्या पद्धतीत दोनची बोली चपखल बसते. इन्व्हर्टेडमध्ये ही पाने दोनला कमी आणि तीनला जास्त ठरतात, आणि बहुधा एक नो-ट्रम्पवर भागवावे लागते. पाने सपाट, म्हणजे चारही रंगांत साधारण सारखी वाटलेली, असतील तर त्यात काही बिघडत नाही. एखाद्या रंगाचे एकच पान असेल तर मात्र एक नो-ट्रम्प म्हणताना जीव धजावत नाही. यावर काही जोड्या दुसऱ्या मायनरमधली उडी, म्हणजे एक किलवरवर दोन चौकट आणि एक चौकटीवर तीन किलवर, आमंत्रणाच्या पाठिंब्यासाठी राखून ठेवतात आणि दोनची बोली थेट गेमसाठी वापरतात. त्याने आमंत्रणाची पाने वेगळी निघतात, पण आठ-नऊ पॉइंटांचा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते पहिल्या वर्षात या फंदात पडू नये.

दुसरा मुद्दा एक नो-ट्रम्पच्या मर्यादेचा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एडगर कॅप्लन आणि आल्फ्रेड शाइनवोल्ड या ब्रिजपटूंच्या पद्धतीत इन्व्हर्टेड मायनर होते, तेव्हा त्यांचा एक नो-ट्रम्प १२ ते १४ पॉइंटांचा होता. म्हणून त्यांची एक मायनरची बोली एकतर खऱ्या रंगाची असे किंवा बलवान सपाट पानांची. आज बहुतेकांचा एक नो-ट्रम्प १५ ते १७ चा असतो, त्यामुळे एक किलवर उघडणाऱ्याकडे पुष्कळदा १२-१३ पॉइंट आणि तीनच किलवर निघतात. अशा भिडूसमोर व्हल्नरेबल असताना, म्हणजे करार बुडल्यास दंड जास्त असताना, पाच हलक्या पानांवर तीन किलवर म्हणणे महागात पडू शकते. चौकटीचे तसे नाही. मेजर पाच पानांवरच उघडणाऱ्यांची एक चौकट सहसा चार पानी असते. ती तीन पानी निघते ती मेजर चार-चार आणि किलवर दोनच असतील तेव्हाच. म्हणून १५-१७ वाल्यांनी तीन चौकटीसाठी पाच पाने पुरेशी मानावीत, पण तीन किलवरसाठी सहाव्या पानाचा आग्रह धरावा.

स्पर्धेच्या प्रकारानेही पारडे थोडे हलते. पेअर्समध्ये, म्हणजे जोड्यांच्या स्पर्धेत, प्रत्येक दहा गुणांना किंमत असते. दहा हात करणारा तीन नो-ट्रम्प व्हल्नरेबल नसताना ४३० देतो, तर अकरा हात करूनही पाच चौकटीचे ४००च होतात. खालच्या पातळीवरही आठ हातांना एक नो-ट्रम्पमध्ये १२० मिळतात, दोन किलवरमध्ये ९०. म्हणजे इन्व्हर्टेड पद्धत मधल्या पानांना एक नो-ट्रम्पकडे ढकलते, याचे पेअर्समध्ये फार दुःख नाही. टीम्समध्ये, म्हणजे संघांच्या स्पर्धेत, मात्र करार बुडू न देणे महत्त्वाचे असते, आणि स्टॉपर तपासून तीन नो-ट्रम्प व पाच मायनर यांत निवड करण्याची सोय तेथे अधिक फळते.

आठवड्यातून एकदा निरनिराळ्या भिडूंबरोबर खेळणाऱ्याने साधी पद्धतच ठेवावी. इन्व्हर्टेडमधला सर्वांत महाग अपघात म्हणजे एकाने १५ पॉइंटांवर दोन चौकट म्हणावे आणि दुसऱ्याने ती जुनी दुबळी बोली समजून पास करावा. ठरलेल्या भिडूबरोबर खेळणाऱ्याने इन्व्हर्टेड जरूर घ्यावे, पण टेबलावर बसण्याआधी तीन गोष्टी लिहून काढाव्यात. दोनची बोली कोठपर्यंत बांधते, दोन नो-ट्रम्प किंवा तीन मायनरपर्यंत की थेट गेमपर्यंत. आधी पास केलेल्या खेळाडूसाठीही ती तशीच राहते का. आणि मध्ये प्रतिपक्षाने डबल किंवा दुसरी बोली दिली तर काय. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जोड्यांचे उत्तर असे असते की पद्धत बंद होते आणि दोनची बोली पुन्हा साध्या अर्थाने घेतली जाते. बलवान पाठिंबा मग डबलवर दोन नो-ट्रम्पने आणि बोलीवर प्रतिपक्षाचाच रंग बोलून दाखवतात.