पंचेचाळिसाव्या वर्षी सोरोरिटी: चार वर्षांची वर्गणी भरल्यानंतर

सोरोरिटीच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेच्या, प्रवेशाचे 285 डॉलर, त्यात सदस्यत्वाची पिन आली. त्यानंतर दरवर्षी 75 डॉलर वर्गणी: 45 राष्ट्रीय संस्थेची, 30 आमच्या गावच्या शाखेची. स्थापनादिनाचं जेवण वेगळं, ते गेल्या वर्षी 38 डॉलरला पडलं. हे आकडे आधीच सांगून टाकते, कारण एप्रिल 2022 मध्ये मी सदस्य झाल्यापासून ओळखीच्या प्रत्येक मराठी बाईने पहिल्यांदा हेच विचारलं. दुसरा प्रश्न असायचा, "तिथे आपलं कुणी आहे का गं?" नव्हतं. आमच्या शाखेत मी एकटीच.

संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली काही तक्रारी आहेत, आणि त्या एका शाखेच्या आणि एका कार्यालयाच्या आहेत. तेवढ्यावरून साऱ्या संस्थेला नाव ठेवणं मला पटत नाही.

सोरोरिटीची ओळख थोडक्यात अशी. नावात दोन-तीन ग्रीक अक्षरं, स्वतःचं घर, स्वतःचे विधी. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. साधारणपणे मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असताना आत जाते आणि आयुष्यभर सदस्य राहते. पण कॉलेज संपलेल्या बाईलाही घेण्याची सोय बऱ्याच संस्थांमध्ये आहे, तिला अ‍ॅल्युम्ना इनिशिएशन म्हणतात. राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषद या त्यांच्या संघात 26 सोरोरिटी आहेत. कॉलेजोत्तर प्रवेशाचे नियम प्रत्येकीचे आपापले आहेत. काही संस्था अर्ज उघडपणे मागवतात, काही ठिकाणी सदस्यानेच तुमचं नाव सुचवावं लागतं. एक नियम मात्र पक्का: या 26 पैकी एकीत रीतसर प्रवेश झाला की दुसरीत जाता येत नाही. म्हणून निवड घाईने करू नका.

मला हे सगळं कळलं ते शेजारणीमुळे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. कोविडमध्ये आम्ही दोघी सकाळी बरोबर चालायला जायचो. त्यांच्या कोटावर लहानशी पिन असायची. मी एकदा विचारलं, तर त्या पुढचे तीन दिवस त्याबद्दलच बोलत होत्या.

मी पुण्याच्या कमिन्स कॉलेजची, 1999 ची. कर्वेनगरात चार वर्षं मुलींमध्येच राहिले, शिकले, भांडले. 2006 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इंडियानात आले, एच-4 वर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर. मे 2015 मध्ये नियम बदलला आणि माझ्यासारख्या कित्येकींना काम करायची परवानगी मिळाली. मधली नऊ वर्षं मी घरी होते. त्या काळात ज्या ओळखी झाल्या त्या नवऱ्याच्या ऑफिसातून झाल्या नाहीतर मुलाच्या शाळेतून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसं जमायची, मी मोदकांच्या उकडीला उभी असायचे आणि लोक मला अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून ओळखायचे. मंडळावर माझा राग नाही, आजही जाते. पण ज्यात फक्त माझं नाव नोंदलेलं आहे असं ठिकाण मला हवं होतं. शेजारणीने विचारल्यावर मी दोन दिवसांत हो म्हटलं.

त्याआधी त्यांना एक गोष्ट स्पष्ट विचारली, आणि तुम्हीही विचारा. या संस्थांचा इतिहास गोऱ्या मुलींचा आहे. बाकीच्यांना आत घेत नसत, म्हणून त्यांनी आपापल्या संस्था उभ्या केल्या. 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी अल्फा कप्पा अल्फा काढली. 1909 मध्ये बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी अल्फा एप्सिलॉन फाय. आमच्या इंडियानापोलिसमध्ये 1922 साली सात कृष्णवर्णीय शिक्षिकांनी सिग्मा गॅमा रो स्थापन केली. आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नये: 2013 मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने तिथल्या सोरोरिटी कृष्णवर्णीय मुलींना कशा डावलतात ते छापलं, तेव्हा कुठे तिथली दारं उघडली. मी हे बोलले तेव्हा शेजारीण चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "1968 ला मी आत गेले तेव्हा आमच्या घरात एकही काळी मुलगी नव्हती. का नाही, हे आम्ही कुणी विचारलंही नाही. त्याची मला लाज वाटते." त्यांनी सारवासारव केली असती तर मी अर्ज केला नसता.

अर्ज जानेवारीत भरला. दोन सदस्यांची शिफारसपत्रं, शिक्षण, काम, समाजकार्य, आणि आत्ता का यायचंय यावर एक पान. इथे पहिला अडथळा आला. माझ्या पदवीवर पुणे विद्यापीठ लिहिलेलं. मुख्यालयातल्या बाईंनी शोधलं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सापडलं, कारण 2014 मध्ये नाव बदललं. त्यांनी कळवलं, नाव जुळत नाही. मी खुलासा पाठवला, नऊ दिवस उत्तर नाही. पुन्हा पाठवला, तर दुसऱ्याच कुणीतरी पहिलाच प्रश्न नव्याने विचारला. तीन आठवडे यात गेले. ज्यांच्या पदव्या भारतातल्या आहेत त्यांनी नावबदलाचा अधिकृत कागद आणि मार्कलिस्ट सुरुवातीलाच जोडावी. पाचपैकी एक तारा मी या पत्रव्यवहारासाठी कापते आहे. बाहेरच्या देशात शिकलेल्या बायका येणार हे त्यांनी गृहीतच धरलेलं नव्हतं, आणि ते खटकलं.

विधी एका रविवारी दुपारी चॅप्टरच्या, म्हणजे संस्थेच्या कॉलेजातल्या शाखेच्या, घरी होता. काय घडतं ते सदस्यांनी बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. सांगता येईल ते एवढंच की पांढरे कपडे घालावे लागतात. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला. "पांढरं कशाला? निदान काठ तरी असू दे." मलाही अगदी कोरं पांढरं नेसवेना. शेजारणीने चॅप्टरच्या सल्लागार बाईंना विचारलं, त्यांनी लगेच परवानगी दिली, आणि मी पांढरी बारीक जरीकाठाची साडी नेसून, लाल टिकली लावून गेले. माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी होती, तिचे हात थरथरत होते. मी तिचा हात धरला. नंतर शेजारणीने माझ्या खांद्याशी पिन लावली, तेव्हा त्या रडत होत्या आणि मीही. घरी आल्यावर आईला फोटो पाठवला. तिने एवढंच लिहिलं, "काठ छान दिसतोय."

धर्माबद्दल विचाराल तर, काही संस्थांच्या जुन्या विधींवर ख्रिस्ती छाप असते. तुमच्या श्रद्धेला काही अडेल का हे शिफारस करणाऱ्या बाईंना आधीच विचारा. मजकूर न सांगताही त्या उत्तर देऊ शकतात. मला त्यांनी दिलं आणि ते खरं निघालं.

पहिले सहा महिने कठीण गेले. शाखेच्या बैठका महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी साडेसहाला, कुणाच्या तरी घरी. नव्या बाईला पहिला प्रश्न एकच, "तुझा चॅप्टर कुठला?" कोणत्या कॉलेजात, कोणत्या साली, कुणाबरोबर. मग त्या घरातल्या जिन्याच्या, पहाटेच्या अलार्मच्या, 1988 च्या नाचाच्या आठवणी निघतात आणि त्यात आपल्याला जागा नसते. जेवणात पालकाच्या सॅलडमध्येही बेकनचे तुकडे. मी शाकाहारी आहे हे तीनदा सांगावं लागलं. त्या बायका प्रेमळच होत्या, पण त्यांच्या आठवणींना मी नवी काय पुरवणार? ऑक्टोबरमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वर्षी वर्गणी भरायची नाही.

नोव्हेंबरात सल्लागार मंडळावर एक जागा रिकामी झाली. कॉलेजातला चॅप्टर मुलीच चालवतात, पण प्रत्येक पदावरच्या मुलीला एक मोठी सदस्य मदतीला असते. त्यांना हिशेब बघणारी बाई हवी होती. मी हात वर केला, आणि माझ्यासाठी सोरोरिटी खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

चॅप्टरचा खजिना म्हणजे भिशीचा डबा नव्हे. घराचं भाडं, स्वयंपाकीणबाईंचा पगार, विमा, राष्ट्रीय संस्थेला जाणारा वाटा, कार्यक्रम, आणि हे सगळं सांभाळणारी खजिनदार वीस वर्षांची, जिची उद्या थर्मोडायनॅमिक्सची परीक्षा आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही झूमवर बसायचो. पहिल्याच महिन्यात दिसलं की अकरा मुलींचे हप्ते थकलेत. खजिनदार त्यांची नावं बैठकीत वाचून दाखवणार होती, कारण आधीची तसंच करायची. मी तिला थांबवलं. होस्टेलच्या मेसची थकबाकी नोटीस बोर्डावर लागायची तेव्हा माझी एक मैत्रीण आठवडाभर जेवायला येत नसे, हे तिला सांगितलं. मग आम्ही दोघींनी एकेका मुलीला स्वतंत्र बोलावलं आणि हप्त्यांचं नवं कोष्टक बनवलं. अकरापैकी नऊजणींनी मेपर्यंत सगळं फेडलं. दोघी संस्था सोडून गेल्या. त्यातल्या एकीने जाताना मला पत्र लिहिलं, ते माझ्याकडे आहे.

त्याच खजिनदाराचा पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री फोन आला. काय घालू, पगार विचारला तर काय सांगू. मी तासभर बोलले. माझ्या पहिल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री, 2015 मध्ये, मला या देशात असं विचारायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये बाबा गेले. मी पुण्याला पाच आठवडे होते. शाखेतल्या बायकांनी वेळापत्रक करून नवऱ्याला आणि मुलाला आठवड्यातून तीनदा जेवण पोचवलं, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती: मांस नाही, अंडं नाही. परत आले त्या संध्याकाळी चौघी घरी आल्या. आपल्याकडे भेटायला येतात तेव्हा काय बोलतात, काय नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बाबांचा फोटो पाहिला, त्यांचं नाव कसं उच्चारायचं ते विचारलं, आणि चौघींनीही ते आलटून पालटून म्हणून पाहिलं. पहिल्या वर्षी ज्यांच्या आठवणींत मला जागा नव्हती त्याच या बायका.

सगळ्यांना हे मानवेल असं मी म्हणणार नाही. कॉलेज चॅप्टर जवळ नसेल आणि गावच्या शाखेत वर्षातून चार जेवणं होत असतील, तर 285 डॉलर देऊ नका. आधी दोन कार्यक्रमांना पाहुणी म्हणून जा. काम काय काय चालतं आणि त्यातलं कोणतं तुम्हाला देतील, ते विचारा. नुसती पिन लावून वर्ष काढलं तर पहिल्या सहा महिन्यांत मी होते तिथेच राहाल.

इतर वाटाही आहेत. बीटा सिग्मा फाय 1931 मध्ये कॅन्ससच्या अ‍ॅबिलीनमध्ये निघाली. तिचा कॉलेजशी संबंध नाही, पदवीची अट नाही, गावातल्या बायकांचे गट असतात. पी.ई.ओ. 1869 मध्ये आयोवातल्या माउंट प्लेझंटला सात कॉलेजकन्यांनी सुरू केली. आता ती कॉलेजबाहेर, आमंत्रणावर चालते आणि बायकांच्या शिक्षणाला पैसा उभा करते. परदेशातून अमेरिका आणि कॅनडात शिकायला आलेल्या मुलींसाठी तिची वेगळी शिष्यवृत्ती आहे, ती आपल्या भाच्या-पुतण्यांना जरूर सांगा. अल्फा कप्पा अल्फा आणि कृष्णवर्णीय मुलींनीच काढलेली डेल्टा सिग्मा थीटा यांच्या पदवीधर शाखा फार गांभीर्याने घेण्याच्या आहेत. तिथे आधी त्यांच्या कामाशी वर्षानुवर्षं नातं लागतं. दक्षिण आशियाई मुलींची पहिली, कप्पा फाय गॅमा, 1998 मध्ये ऑस्टिनला निघाली. मुली कॉलेजात जाणार असतील तर त्यांच्या कानावर घाला.

आणि इंडियानात असाल तर एकदा ग्रीनकॅसलला जाऊन या. कप्पा अल्फा थीटा तिथे 1870 मध्ये सुरू झाली. ही माझी संस्था नाही, पण तिची गोष्ट मला जवळची वाटते. तिथल्या कॉलेजाने नुकत्याच मुली घ्यायला सुरुवात केली होती. बेटी लॉक त्या पहिल्या मुलींपैकी. मुलांच्या संघटनेने तिला आपली पिन लावायला देऊ केली, सदस्यत्व मात्र नाही. तिने पिन नाकारली आणि तीन मैत्रिणींना घेऊन स्वतःची संघटना काढली. बायकांच्या शिक्षणासाठी हिंगण्याच्या माळावर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या कॉलेजात मी शिकले, त्यामुळे त्या गावात फिरताना मला परकं वाटलं नाही.

पाचपैकी चार तारे. या महिन्यात इंडियानातल्याच फिशर्समधल्या एका मैत्रिणीची शिफारस मी केली आहे. ती नागपूरची, 1998 ची बी.कॉम. तिच्या पदवीवर नुसतं नागपूर विद्यापीठ आहे आणि 2005 मध्ये तिथलंही नाव बदललंय, म्हणून नावबदलाचा कागद मी पहिल्याच पाकिटात घातला.